दाराआडची आयात : भारत आणि नेपाळच्या लाकडी बोर्डांचा हिशेब

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेनं दारं नसतात, हे महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. चौकट असते, उंबरा असतो, कडी-कोयंडा नसतो. कुत्रं आत शिरू नये म्हणून रात्री एखादी फळी नुसती टेकवून ठेवायची, एवढाच बंदोबस्त. 2011 मध्ये युको बँकेनं तिथं शाखा उघडली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून तिची बातमी देशभर झाली. पण शिंगणापूरची शीव ओलांडून सोनई, घोडेगाव, कुकाणा, भेंडे, खुद्द नेवासा असं कुठंही गेलं, की नव्या घराला दार आलंच. ते दार आता क्वचितच अखंड सागाचं असतं. बहुधा ते फ्लश डोअर असतं : आत जोडलेल्या पट्ट्या, दोन्ही अंगांनी प्लाय, वरून सनमाइका. ओट्याखालच्या कप्प्यांना प्लाय, टीव्हीमागच्या नक्षीला एमडीएफ, स्वस्तातल्या टेबलाला पार्टिकल बोर्ड. नेवासा फाट्यासारख्या नाक्यावरच्या प्लायवूडच्या दुकानात आठ बाय चारच्या शीटांची चळत उभी असते. गिऱ्हाईक ‘किती एमएम’ आणि ‘काय भाव’ विचारतं. ‘कुठलं लाकूड’ हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर दुकानदार कारखान्याचं नाव सांगतो.

कारखान्याचं नाव आणि लाकडाचं गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखात भारत आणि नेपाळ या शेजाऱ्यांच्या लाकडी बोर्डांच्या आयातीची तुलना करायची आहे, आणि तिची सगळी अडचण या फरकात आहे. तुलनेला नेपाळच का? दोघांमध्ये उघडी सीमा आहे आणि व्यापारकरार आहे. दोघंही आपापल्या जंगलांना राखण बसवून बाहेरून लाकूड मागवतात. शिवाय एकाची निर्यात ती दुसऱ्याची आयात असा मालही यात बराच आहे. आयातीचा आकडा मोठा म्हणजे देश परावलंबी आणि लहान म्हणजे स्वावलंबी, असं आपण सहज धरून चालतो. बोर्डांच्या बाबतीत ते चुकतं. देशानं किती माल आणला याआधी तो कुठल्या पायरीवर आणला हे पाहावं लागतं : ओंडका म्हणून, सोललेली साल म्हणून, तयार बोर्ड म्हणून, की थेट कपाट म्हणून.

पायऱ्या आणि त्यांचे क्रमांक

प्लायवूड बनतं ते ओंडका सोलून. ओंडका यंत्रावर फिरवतात, पात्याला लागून त्याचा पातळ थर सुटत जातो. घोडेगावच्या बाजारातला कांदा पदरापदरानं सुटावा तसा. हा थर म्हणजे विनियर. एक थर उभ्या रेषांचा, त्यावर दुसरा आडव्या रेषांचा, मध्ये डिंक, आणि वरून गरम दाब. आतल्या थरांना धंद्यात कोअर म्हणतात, बाहेरच्या देखण्या थराला फेस. पार्टिकल बोर्डात लाकडाचे बारीक तुकडे डिंकात कालवून दाबतात. एमडीएफमध्ये लाकूड वाफेवर शिजवून त्याचे तंतू सुटे करतात, मग दाबतात. म्हणून कापताना त्याच्या कडा झडत नाहीत आणि त्यावर कोरीवकाम जमतं.

जगभरच्या जकातीच्या वहीत लाकडासाठी 44 वा अध्याय आहे. त्यात ओंडके 4403 खाली, विनियर 4408 खाली, पार्टिकल बोर्ड 4410, एमडीएफसारखे तंतूंचे बोर्ड 4411 आणि प्लायवूड-ब्लॉकबोर्ड 4412 खाली येतात. ‘लाकडी बोर्डांची आयात’ म्हणून जे तक्ते छापले जातात, ते मुख्यतः शेवटच्या तीन क्रमांकांचे. आपल्या नव्या घराचं फ्लश डोअर मात्र त्यात नसतं. दारं-खिडक्या 4418 खाली जातात, आणि तयार कपाट थेट 94 व्या अध्यायात, फर्निचरमध्ये. एखाद्या देशानं प्लायऐवजी तयार कपाटं आणायला सुरुवात केली, तर त्याची बोर्डांची आयात कागदावर घटलेली दिसेल, आणि घरात बाहेरचा बोर्ड मात्र वाढलेला असेल.

कुठल्या पायरीवर माल आला हे पाहण्याची खूण नेवाशाच्या मातीतच सापडलेली आहे. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली इथं उत्खनन झालं. त्यात सातवाहनकाळच्या थरांत रोमन जगातल्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरंही मिळाली. द्राक्षाचा वेल आला नव्हता, नुसता रसही आला नव्हता. तयार मद्य भांड्यासकट आलं होतं. आयातीची ती सर्वांत वरची पायरी. भारतानं लाकडाच्या बाबतीत मात्र बराच काळ सर्वांत खालच्या पायरीवर उभं राहून माल घेतला.

मोजमापाचा घोळ

तुलना करण्याआधी मापं जुळवायला हवीत. अन्न व शेती संघटना बोर्ड घनमीटरात मोजते, जकात खातं किमतीत आणि बरेचदा किलोत, दुकानदार शीटांत, सुतार चौरस फुटांत. आठ बाय चारची 18 मिलिमीटर जाडीची शीट घेतली, तर एका घनमीटरात साधारण साडेअठरा शीटा बसतात. तीच शीट 6 मिलिमीटरची असेल तर छप्पन. म्हणजे घनमीटराचा आकडा तोच राहून घरांची संख्या तिप्पट होऊ शकते. एका देशाची आयात जाड शटरिंग प्लायची असेल आणि दुसऱ्याची पातळ पाठफळ्यांची, तर घनमीटरांची तुलना फसते. किमतीची तुलना दुसऱ्या बाजूनं फसते, कारण आयातीच्या किमतीत बहुधा वाहतुकीचं भाडं आणि विमा धरलेला असतो, निर्यातीच्या किमतीत नसतो. त्यामुळे नेपाळनं भारताला विकलेलं प्लाय आणि भारतानं नेपाळकडून घेतलेलं प्लाय हे एकच असूनही दोन वह्यांत दोन आकडे दिसतात.

त्यात वर्षं वेगळी. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, नेपाळचं श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे जुलैच्या मध्याला. आणि माणसं वेगळी. आपण 140 कोटींच्या वर, नेपाळ 2021 च्या जनगणनेत तीन कोटींच्या थोडा खाली. एकूण आकड्यात भारत नेहमीच मोठा दिसणार. दरडोई पाहिलं तर चित्र बदलतं. उघड्या सीमेवरून ट्रॅक्टर-टेम्पोतून होणारी किरकोळ ये-जा तर कुठल्याच वहीत पूर्ण येत नाही. दोन देशांची आयात मिळून ‘या भागाची आयात’ असं कुणी लिहीत असेल, तर भारत-नेपाळमधला आपसातला माल त्यात विनाकारण जमा होतो. बाहेरून आलेल्या मालात त्याची भर घालून चालत नाही.

भारत : जंगलाला कुलूप, बंदराला दार

भारतातल्या प्लायवूडची सुरुवात चहाच्या पेट्यांपासून झाली. आसामचा चहा ज्या पातळ लाकडी पेट्यांतून विलायतेला जाई, त्या पेट्यांचं प्लाय आधी युरोपातून येई. महायुद्धांत जहाजं अडली आणि आसामच्या जंगलांच्या कडेला सोलाईचे कारखाने वाढले. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं ईशान्येतलं होलाँग आणि अंदमानातलं गर्जन हेच भारतीय प्लायचं भांडवल होतं.

दोन निर्णयांनी ते संपवलं. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीनं सांगितलं, की जंगलं आधी पर्यावरणासाठी आहेत. कारखान्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावा, जंगलातून सवलतीनं मागू नये. आणि 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्राच्या मंजुरीविना चाललेली वनेतर कामं देशभर थांबवली. ईशान्येतल्या लाकडाची राज्याबाहेरची वाहतूकही त्याच आदेशानं रोखली. अरुणाचलातल्या तिरप-चांगलांगच्या विनियर-प्लाय गिरण्या एका आदेशानं बंद झाल्या. गिरण्या थांबल्या, पण मागणी तिथंच राहिली.

ती मागणी दोन वाटांनी फुटली. एक वाट शेताकडे गेली. तराईत आगकाड्यांच्या कंपनीनं आधीच शेतकऱ्यांना पॉप्लर लावायला शिकवलं होतं. पंजाब, हरयाणा, उत्तर प्रदेशात गव्हाच्या शेतात पॉप्लरच्या रांगा उभ्या राहिल्या आणि हरयाणातलं यमुनानगर देशाचं प्लायवूडचं गाव झालं. दक्षिणेत केरळातल्या पेरुंबावूरनं दूध आटलेल्या रबराच्या झाडांपासून प्लाय केलं. आंध्रात निलगिरी, सरू आणि सुबाभळीची लागवड वाढली. महाराष्ट्रातही 1980 च्या दशकात नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांनी निलगिरी उत्पादकांना सहकारात आणलं होतं. पण कालव्याच्या पाण्याला ऊस भेटला, की झाडाला जागा उरत नाही, हे नेवाशात कुणाला सांगायला नको.

दुसरी वाट बंदराकडे गेली. पॉप्लर आणि निलगिरी कोअरला चालतात. फेसला गिऱ्हाइकाला लालसर, गाठी नसलेली साल हवी असते. ती गर्जनची साल म्यानमारच्या ओंडक्यांतून येऊ लागली, कांडला आणि मंगळुरूच्या बंदरांतून मलेशियाचे ओंडके येऊ लागले, गांधीधाम ही लाकडाची मोठी पेठ झाली. जकातीची रचनाही याला धार्जिणी होती : ओंडक्यावर 5 टक्के मूळ सीमाशुल्क, तयार बोर्डावर 10. सरकारचा हिशेब सरळ होता. झाड बाहेरचं असलं तरी सोलाईचं, चिकटवण्याचं आणि घासण्याचं काम इथल्या हाताला मिळावं.

पुढं ज्यांच्याकडे झाडं होती, त्यांनीही तोच हिशेब केला. आफ्रिकेतल्या गॅबननं 2010 मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली, म्यानमारनं 1 एप्रिल 2014 पासून. आमचं लाकूड हवं असेल तर इथं येऊन सोला, असं दोघांनीही सांगितलं. भारतीय कंपन्या खरोखरच गेल्या. काहींनी म्यानमार आणि लाओसमध्ये सोलाईची यंत्रं मांडली. ग्रीनप्लायनं गॅबनच्या एन्कोक औद्योगिक क्षेत्रात कारखाना टाकून ओकूमे नावाच्या झाडाची साल भारतात आणायला सुरुवात केली. त्यानंतर दुकानातल्या प्लायवर ‘गर्जन फेस’च्या जोडीला ‘ओकूमे’ हा शब्द दिसू लागला. भारत एक पायरी वर सरकला होता : ओंडक्यावरून विनियरवर.

तिसाचा पाढा

आता तो हिशेब मांडू, जो आयातीच्या बहुतेक तक्त्यांत दिसत नाही. भारतात फेसची साल फार पातळ काढतात. ती 0.3 मिलिमीटर धरू. एक घनमीटर विनियर इतकी पातळ असेल, तर ती 3,333 चौरस मीटर जागा झाकते. आठ बाय चारच्या शीटेची एक बाजू जवळपास तीन चौरस मीटर. म्हणजे एका घनमीटरात सुमारे 1,120 बाजू, दोन्ही अंगांनी धरल्या तर 560 शीटा. त्या 18 मिलिमीटरच्या असतील, तर होतं 30 घनमीटर प्लायवूड.

म्हणजे 4408 खाली एक घनमीटर आयात झाली, आणि देशात 30 घनमीटर ‘देशी’ प्लाय तयार झालं. बोर्डांच्या तक्त्यात या एका घनमीटराचा पत्ताही नाही, कारण विनियर हा बोर्ड नव्हे. विनियर धरली, तरी घनमीटरांच्या तक्त्यात ती नगण्य दिसेल. पण ती आली नाही, तर कारखानदाराला गिऱ्हाईक मिळत नाही. प्रमाणात नगण्य आणि विक्रीला अनिवार्य, असा हा माल आहे. भारताची प्लायवूडची आयात त्याच्या उत्पादनाच्या मानानं कमी दिसते, त्यामागं हा तिसाचा पाढा आहे.

डिंकाचंही तसंच. बोर्डातला डिंक युरिया किंवा फिनॉलचा फॉर्माल्डिहाइडशी संयोग करून बनतो. फॉर्माल्डिहाइड मिथेनॉलपासून होतं आणि भारत आपलं बहुतांश मिथेनॉल आखाती देशांतून आणतो. फिनॉलसाठी 2018 मध्ये गुजरातेतल्या दहेजला मोठा कारखाना सुरू झाल्यावर तिथला भार थोडा हलका झाला. म्हणजे यमुनानगरच्या शेतातलं पॉप्लर, आफ्रिकेची साल आणि आखाताचा डिंक, असा तिहेरी संसार एका शीटेत नांदतो. शिक्का फक्त यमुनानगरचा असतो.

एमडीएफची वेगळी गोष्ट

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डात हा पाढा चालत नाही. इथं आयात झाली तर तयार बोर्डाचीच होते, म्हणून ती तक्त्यात उघड दिसते. हे बोर्ड अखंड चालणाऱ्या मोठ्या यंत्रांवर निघतात. जितकं जास्त काढाल तितकं स्वस्त पडतं. मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम यांच्याकडे रबराचं आणि बाभळीच्या जातीचं लागवडीचं लाकूड मुबलक होतं, यंत्रं मोठी होती. 1 जानेवारी 2010 पासून आसियान करारानं त्यांच्या मालावरची जकात उतरू लागली आणि बंगळूर-चेन्नईच्या फर्निचरवाल्यांना तो माल इथल्या बोर्डापेक्षा स्वस्त पडू लागला.

याच सुमारास भारतानं चीन, मलेशिया, थायलंड आणि श्रीलंका यांच्या साध्या एमडीएफवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं. 2016 मध्ये इंडोनेशिया आणि व्हिएतनामवर. श्रीलंकेचं नाव यात बघून नवल वाटेल, पण तिथंही रबराच्या लाकडाचं एमडीएफ निघतं आणि भारताशी मुक्त व्यापाराचा करार 2000 पासून अमलात आहे. शुल्काच्या आडोशाला देशात मोठे कारखाने उभे राहिले : उत्तराखंडात रुद्रपूर, पंजाबात होशियारपूर, आंध्रात श्रीकाळहस्ती आणि बडवेल. त्यांनी परिसरातल्या शेतकऱ्यांना निलगिरी-सुबाभळीची रोपं दिली. भारतीय एमडीएफचं लाकूड म्हणूनच बहुतांशी शेतातलं, इथलंच. आयात जिथं उघड दिसते तिथं आपण मुळाशी बरेच स्वावलंबी, आणि जिथं दिसत नाही तिथं बाहेरच्यावर टेकलेले, असा हा उफराटा प्रकार आहे.

नेपाळ : जंगल दारात, बोर्ड बाहेरचा

नेपाळचा सुमारे 45 टक्के भूभाग वनाखाली आहे. सुमारे 22 हजार सामुदायिक वन उपभोक्ता समूह ही जंगलं सांभाळतात आणि या कामासाठी नेपाळचं नाव जगभर घेतलं जातं. तरीही हा देश लाकूड आणि फर्निचर बाहेरून आणतो, हा तिथल्या चर्चेतला कायमचा विषय. कारणं आपल्या ओळखीची आहेत : तोडीची परवानगी किचकट, डोंगरातून लाकूड खाली आणणं खर्चीक, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला गुळगुळीत, लगेच बसवता येणारा माल हवा.

प्लायवूडमध्ये मात्र नेपाळनं स्वतःची वाट काढली. पूर्वेकडच्या इलामच्या डोंगरात उत्तिस नावाचं झाड आहे. दरड कोसळलेल्या उघड्या जमिनीवर ते आधी उगवतं आणि वेलदोड्याच्या मळ्यात सावलीसाठी शेतकरी ते राखतात. ते लवकर वाढतं, मऊ असतं, सोलायला सोपं. डोंगरातलं उत्तिस खाली झापा, मोरङ, सुनसरीच्या सपाट प्रदेशात येतं, तिथले कारखाने त्याचं प्लाय करतात आणि ते सीमेपलीकडे सिलिगुडी-बिहारच्या वाटेनं भारतात शिरतं. गेल्या दशकात भारताला प्लायवूड पुरवणाऱ्या आघाडीच्या देशांत चीन-व्हिएतनामच्या शेजारी नेपाळचं नाव आलं, ते या उत्तिसमुळे.

याला व्यापारकराराचं बळ आहे. नेपाळात बनलेला माल भारतात जकातीविना येतो. अट अशी, की किमान 30 टक्के मूल्यवाढ नेपाळात व्हावी आणि मालाचा चार आकडी जकात क्रमांक बदललेला असावा. विनियर 4408, प्लाय 4412; क्रमांक आपोआप बदलतो. समजा, तिसऱ्या देशाची साल कोलकात्याच्या बंदरात उतरली, सीलबंद वाहनातून विराटनगरला गेली, उत्तिसच्या कोअरवर चढली आणि 30 टक्क्यांची अट पुरी करून सिलिगुडीला परत आली. नेपाळच्या वहीत ती विनियरची आयात, भारताच्या वहीत प्लायची आयात. साल एकच, प्रवास भारताच्याच रस्त्यांवरून, आणि दोन देशांच्या दोन वेगळ्या रकान्यांत तिची नोंद.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मात्र नेपाळ बहुतांशी बाहेरून घेतो, भारत आणि चीन हे त्यातले जवळचे पुरवठादार. त्या बोर्डांची यंत्रं इतकी मोठी असतात, की तीन कोटींच्या बाजारासाठी ती मांडणं अवघड. तिसऱ्या देशाचा माल घ्यायचा तर कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणम गाठावं लागतं. तिथून वीरगंज-विराटनगरपर्यंतचं भाडं प्रत्येक शीटेवर चढतं. ज्याला समुद्र नाही, त्याला जड आणि स्वस्त माल लांबून आणणं परवडत नाही. म्हणून नेपाळच्या आयातीत शेजारी भरतो, आणि भारताच्या आयातीत गॅबनपासून व्हिएतनामपर्यंतची बंदरं.

दोघांना शेजारी ठेवून

आता तुलना मांडता येते. भारत झाडाच्या जवळची पायरी आयात करतो आणि मजुरी घरी ठेवतो. नेपाळ प्लायमध्ये तेच करतो, किंबहुना त्यातून निर्यातदार होतो. इतर बोर्डांत मात्र तो तयार मालाचं गिऱ्हाईक आहे. भारताची आयात बंदरांच्या आणि परदेशी वनकायद्यांच्या हातात आहे : गॅबन किंवा म्यानमारनं एक अधिसूचना काढली, की गांधीधामचा भाव हलतो. नेपाळची आयात आणि निर्यात दोन्ही एकाच शेजाऱ्याच्या नाक्यावर टांगलेली. 2015 च्या सप्टेंबरपासून सीमेवर जी कोंडी झाली, तिनं या टांगणीचं वजन त्यांना दाखवलं.

ते वजन 2025 मध्ये पुन्हा जाणवलं. भारतानं लाकडी बोर्डांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले : पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफसाठी 11 फेब्रुवारी 2025 पासून, प्लायवूड आणि फ्लश डोअरसाठी 28 फेब्रुवारी 2025 पासून. साध्या प्लायला आयएस 303, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायला आयएस 710, फ्लश डोअरला आयएस 2202, एमडीएफला आयएस 12406. भारतीय मानक ब्यूरोचा परवाना आणि आयएसआयचा शिक्का नसेल, तर माल विकता येणार नाही, मग तो यमुनानगरचा असो, व्हिएतनामचा असो की झापाचा. जकात शून्य असूनही दार बंद होऊ शकतं, हे नेपाळच्या कारखानदारांना तेव्हा कळलं. डंपिंगविरोधी शुल्क कंपनीगणिक आणि देशागणिक मोजून लावावं लागतं. शिक्क्याची अट सगळ्यांना एकदम लागू होते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हा नियम चांगला आहे. डिंक कमी टाकलेलं, पावसाळ्यात सुटणारं प्लाय मरीन म्हणून खपवणं आता जड जाईल. पण 2025 नंतरचे आयातीचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. परवाना न मिळालेला माल थांबला म्हणून आकडा उतरला असेल, तर त्यावरून मागणी उतरली किंवा आपलं जंगल वाढलं असा अर्थ काढणं चूक ठरेल.

नेवाशाचा बगॅस

या सगळ्या हिशेबात नेवाशाचं काय? तालुक्यात सोनईला मुळा आणि भेंड्याला ज्ञानेश्वर असे दोन मोठे सहकारी साखर कारखाने आहेत. शंभर टन ऊस गाळला की 28 ते 30 टन बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, उरतो, त्यातलं निम्मं पाणी. बगॅसचे तंतू लाकडाच्या तंतूंसारखेच असतात. त्यांचा पार्टिकल बोर्ड होतो. याला महाराष्ट्रातच दाखला आहे : सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला इकोबोर्ड इंडस्ट्रीजनं बगॅसचे बोर्ड काढले. उत्तर प्रदेशात बजाज हिंदुस्थाननंही हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला.

एक कच्चा हिशेब करू. दिवसाला 5,000 टन गाळप असलेल्या कारखान्यात 1,400 टन बगॅस निघाला, त्याचा दहावा हिस्सा बोर्डासाठी बाजूला काढला. पाणी गेलं, भेंडासारखा मऊ गर चाळून काढला (तो जवळपास एकतृतीयांश असतो आणि डिंक शोषून घेतो), की 46 टनांच्या आसपास चांगला तंतू उरतो. त्यातून दिवसाला सुमारे 1,200 शीटा, 18 मिलिमीटरच्या. तालुक्याची गरज भागून उरेल इतक्या.

मग ते होत का नाही? पहिलं कारण बॉयलर. बगॅस हे कारखान्याचं इंधन आहे, त्यावर वाफ होते, वाफेवर वीज; सहवीजनिर्मिती आल्यापासून उरलेल्या बगॅसलाही विजेचा भाव मिळतो. बोर्डवाल्यानं बगॅस घ्यायचा तर त्या भावाला घ्यावा लागतो. दुसरं कारण हंगाम. गाळप चार-पाच महिन्यांचं. बोर्डाचं यंत्र वर्षभर चाललं तरच परवडतं. म्हणजे बगॅसचे डोंगर रचून ठेवायचे, ते सडू द्यायचे नाहीत आणि त्यांना आग लागू द्यायची नाही. तिसरं कारण गिऱ्हाईक. पाणी लागलं की असा बोर्ड फुगतो, हे एकदा अनुभवलं की सुतार पुढच्या घरात ते नाव काढू देत नाही.

यातल्या भावाच्या अडचणीवर अलीकडे थोडा उतारा आला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या नव्या जीएसटी दरांत बगॅस, कापसाच्या पऱ्हाट्या, ताग आणि अशाच शेतातल्या उरलेल्या मालाच्या बोर्डांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. लाकडाच्या साध्या प्लायवर आणि एमडीएफवर तो 18 टक्के आहे. तेरा टक्क्यांची ही तफावत जकातीपेक्षाही मोठी आहे. पऱ्हाट्या तर नेवासा-शेवगावच्या कापूसपट्ट्यात वेचणीनंतर बांधावर जाळल्या जातात. मुंबईतल्या माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेनं पऱ्हाट्यांचा बोर्ड करण्याचं तंत्र बसवलं आणि नागपूरच्या आपल्या केंद्रात ते चालवून दाखवलं. अडचण तंत्राची नाही, गोळा करण्याची आहे. पऱ्हाटी हलकी, पसरलेली, आणि ती उपटून-बांधून नाक्यावर आणायला मजूर हवा.

ही अडचण सुटू शकते, याचा दाखला आणखी एका शेजाऱ्याकडे आहे. बांगलादेशात पार्टिकल बोर्ड मोठ्या प्रमाणात तागाच्या काड्यांचा होतो. ताग सोलून उरलेली काडी तिथं आधीपासूनच जळणासाठी बांधून विकली जाई, म्हणजे गोळा करण्याची साखळी तयार होती. कारखान्यांनी तिच्या टोकाला यंत्र ठेवलं. आपल्याकडे अशी एकच साखळी आधीपासून बांधलेली आहे, ती उसाची. तोड, वाहतूक, काटा, सगळं कारखान्याच्या आवारात येऊन थांबतं. बगॅस शेतात जाऊन गोळा करावा लागत नाही. म्हणून बोर्डाचा प्रश्न महाराष्ट्रापुरता शेवटी विजेच्या दरावर येऊन ठेपतो : बॉयलरला बगॅस किती महाग पडतो, आणि बोर्डाला किती.

तक्ता पुन्हा वाचताना

पुढच्या वेळी ‘भारताची बोर्डांची आयात घटली’ किंवा ‘नेपाळची वाढली’ असा मथळा दिसला, तर मथळ्याखालच्या तक्त्यात चार गोष्टी शोधाव्यात. विनियरची ओळ दिली आहे का? दारं आणि फर्निचर कुठं धरली आहेत? दोघांचा आपसातला माल वजा केला आहे का? आणि त्या वर्षात नियम बदलला होता का? या चारांची उत्तरं नसतील, तर तो आकडा बोर्डांची गोष्ट सांगत नाही, नुसती जकातीच्या वहीची सांगतो.

हंगामात नेवासा फाट्यावर संध्याकाळी उभं राहावं. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या भेंड्याकडे वळतात. त्यांतल्या उसाचा भुसा दुसऱ्या दिवशी बॉयलरमध्ये जाईल. त्याच रस्त्यावरून ताडपत्री ओढलेला एखादा ट्रक प्लायची थप्पी घेऊन येतो, आणि एका दुकानासमोर ती उतरवली जाते. शीटेच्या कडेला आता आयएसआयचा शिक्का आणि परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. साल कुठल्या देशाची, ते अजून छापत नाहीत.